बारव, बोअर आणि तरणतलाव: पाण्यातल्या धातूंची गोष्ट

आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे इकडेतिकडे झालं ते थोडं सरळ केलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे तरणतलावाच्या पाण्यातले धातू आणि त्यांचे डाग. ऐकून काही जण म्हणतील, परभणी जिल्ह्यात बसून हा विषय? जिथं उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते तिथं तरणतलावाच्या फरशीवरच्या डागांची चिंता कोणाला?

पण पाणी कमी असतं तिथंच या डागाला किंमत असते. पाणी भरपूर असलेल्या गावात तलावाचं पाणी लाल झालं तर ते सोडून देतात आणि नवीन भरतात. आपल्याकडे तसं केलं तर काही लाख लिटर पाणी नालीत जातं. आणि गंमत म्हणजे बोअर तोच असेल तर नवीन भरलेलं पाणीही चार दिवसांत तसंच लाल होतं. म्हणून हा डाग येतो कुठून, आपल्या लोकांनी आजवर पाण्यातल्या धातूंशी कसा व्यवहार केला, आणि आज नेमकं काय करायला पाहिजे, हे बघू. मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळं एररचा मेसेज न वाचता सिस्टीम रीस्टार्ट करणारा माणूस दिसला की मला त्रास होतो. डाग न वाचता तलाव रिकामा करणं हा तसलाच प्रकार आहे.

डाग येतो कुठून

परभणी जिल्हा बसला आहे काळ्या पाषाणावर, म्हणजे दख्खनच्या बेसॉल्टवर. हा दगड ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या वजनाचा सुमारे दहावा हिस्सा लोह असतं. विहीर खोदताना मध्येच गेरूसारखा लाल थर लागतो, मुरूम तांबूस दिसतो, तो रंग या लोहाचाच. लोखंडाबरोबर थोडं मँगनीजही असतं.

आता पाण्यातलं लोखंड दोन अवस्थांत राहतं. जमिनीत खोलवर, जिथं हवा पोचत नाही, तिथं ते फेरस रूपात विरघळलेलं असतं. असं पाणी काचेच्या ग्लासात घेतलं तर काचेसारखंच स्वच्छ दिसतं. हवा लागली, किंवा क्लोरीन लागला, की त्याचं फेरिक होतं. फेरिक साध्या पाण्यात विरघळत नाही. ते बारीक तपकिरी कण होऊन बाहेर पडतं आणि जिथं बसेल तिथं गंज धरल्यासारखा डाग पाडतं.

हवा हे काम सावकाश करते. क्लोरीन काही मिनिटांत करतो. म्हणून नवीन भरलेला तलाव संध्याकाळी निळाशार दिसतो, रात्री क्लोरीनचा मोठा डोस पडतो, आणि सकाळी बघावं तर बिनदुधाचा चहा. लोक म्हणतात क्लोरीन खराब निघाला. क्लोरीननं फक्त आधीपासून असलेलं लोखंड दाखवून दिलं.

मँगनीज यापेक्षा चिवट. क्लोरीन घातल्यावरही त्याला कित्येक तास, कधी काही दिवस लागतात, आणि डाग पडतो तो काळा किंवा जांभळट. तांब्याचा डाग निळसर हिरवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमच्या वर लोह असलं की कपड्यांना आणि नळाखालच्या भांड्यांना डाग पडू लागतात, मँगनीजच्या बाबतीत ०.१ मिलिग्रॅमच्या वर. आकडे किती छोटे आहेत बघा. हजार लिटर पाण्यात चिमूटभरसुद्धा नाही.

बारवेत हे का दिसत नव्हतं

तरणतलाव नव्हते तेव्हा पोहणं कुठं व्हायचं? विहिरीत, बारवेत, नदीच्या डोहात, आणि पैठणचं धरण झाल्यावर जायकवाडीच्या कालव्यात. पाठीला वाळका भोपळा किंवा रिकामा पत्र्याचा डबा बांधून पोरं विहिरीत ढकलली जायची.

बारवांच्या बाबतीत आपला जिल्हा श्रीमंत आहे. जिंतूर तालुक्यात चारठाण्याला जुन्या देवळांबरोबर बारव आहे. परभणी तालुक्यात पिंगळी आणि आर्वीला आहेत. सेलू तालुक्यात वालूरची बारव तर अशी आहे की तिच्या पायऱ्या गोल फिरत खाली उतरतात. ती कचऱ्यानं आणि गाळानं भरून गेली होती, अलीकडच्या काळात लोकांनी ती साफ करून पुन्हा उघडी केली.

या बारवांनाही पाणी देणारा दगड तोच, बेसॉल्ट. मग बारवेच्या पायऱ्या लोखंडानं लालेलाल का नाहीत? याची तीन कारणं आहेत. एक, बारव उथळ थरातलं पाणी घेते. वरून पाऊस मुरतो, त्याच्यासोबत हवा येते, म्हणजे पाण्यातलं लोखंड जमिनीतच फेरिक होऊन अडकतं, पाण्यात फारसं येतच नाही. दोन, जे थोडं येतं त्याला वरून मोकळी हवा आणि भरपूर वेळ मिळतो. ते सावकाश कण होऊन गाळात बसतं, आणि गाळ उपसायची पद्धत होतीच. तीन, पाणी साचून राहत नाही. झऱ्यातून येतं, उपशात जातं.

म्हणजे हवा देणे, थांबू देणे, गाळ काढणे. आजचे लोह काढायचे प्लांट याच तीन पायऱ्यांवर चालतात. बारव बांधणाऱ्यांनी रसायनशास्त्र डोळ्यांसमोर ठेवून ते केलं असं मी म्हणत नाही. पण रचना तशी होती आणि काम होत होतं.

पाणी नितळ करायचे उपाय मात्र लोकांनी जाणूनबुजून शोधले होते. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातल्या बृहत्संहितेत भूजलावर एक अख्खं प्रकरण आहे. त्यात विहिरीत टाकायच्या मिश्रणाची कृती दिली आहे: नागरमोथा, वाळा, आवळा, निवळीच्या बिया वगैरे. निवळी हे नावच निवळण्यावरून आलंय. ती बी माठाच्या आतल्या बाजूला उगाळली की गढूळपणा खाली बसतो. आणि आवळ्याचं म्हणाल तर आवळा लोखंडी कढईत शिजवला की काळा पडतो, हे घराघरात माहीत आहे. आवळ्यातलं टॅनिन लोखंडाला धरतं, त्याचा तो रंग. हिरडा आणि हिराकस वापरून रंगारी कापड काळं करायचे, तेही हेच. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट.

हे मी उगाच सांगत नाहीये. तरणतलावाच्या काठी बाभळीचं किंवा जांभळाचं झाड असेल आणि पाण्यात लोखंड असेल, तर तळाला पडलेल्या पानाचा हुबेहूब काळा ठसा फरशीवर उमटतो. तलावाचा माणूस तो घासत बसतो. ती रंगाऱ्याची शाई आहे, नुसत्या घासण्यानं जात नाही.

घरातलं तांबं, कल्हई आणि चिंच

धातू आणि पाणी यांचं नातं आपल्याला नवीन नाही. पाणी प्यायच्या भांड्याचं नावच आपण तांब्या ठेवलंय. आंघोळीचं पाणी तांब्याच्या बंबात तापायचं आणि घंगाळात निघायचं.

तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यात जंतू कमी होतात, हे प्रयोगशाळेत तपासलं गेलंय आणि खरं निघालंय. पण म्हणून विहिरीत तांब्याचे पैसे टाकल्यानं अख्ख्या विहिरीचं पाणी शुद्ध व्हायचं, असे जे मेसेज फिरतात, ते हिशेबात बसत नाहीत. कळशीत पाणी थोडं आणि तांब्याचा पृष्ठभाग मोठा असतो. बारवेत पाणी लाखो लिटर आणि नाणी ओंजळभर. पैसे टाकण्यामागं श्रद्धा होती, ती श्रद्धा म्हणूनच समजून घेतलेली बरी.

खरी समज दिसते ती दुसरीकडे. आंबट पदार्थ तांब्या-पितळेच्या भांड्यात कळकतो, म्हणून भांड्याला कथलाची कल्हई लावून घ्यायची. म्हणजे कोणता धातू कशात उतरतो आणि तो कसा थांबवायचा, हे गल्लीत येणाऱ्या कल्हईवाल्याला ठाऊक होतं. काळवंडलेला बंब चिंचेनं लखलखीत करायचा. पांढऱ्या धोतरावर गंजाचा डाग पडला तर लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवायचं. साबणानं न निघणारा डाग लिंबानं का निघतो? लिंबातलं सायट्रिक आम्ल आणि चिंचेतलं टार्टारिक आम्ल धातूच्या अणूला धरून पाण्यात ओढून आणतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तरणतलावापाशी ती परत लागणार आहे.

जांभळे खडे आणि मोरचूद

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पाण्यात मुद्दाम रसायन टाकायचा काळ सुरू झाला. कॉलऱ्याच्या साथी येत होत्या. आग्र्याला अर्नेस्ट हॅन्किन नावाचे सरकारी रसायन परीक्षक होते. १८९० च्या दशकात त्यांनी कॉलऱ्याच्या गावांत विहिरींमध्ये पोटॅशियम परमँगनेट टाकायची पद्धत पुढे आणली. जांभळे खडे टाकायचे, पाणी गुलाबी होतं, मग काही तासांनी रंग उतरतो. ही पद्धत पुढे देशभर पसरली.

आता धातूच्या बाजूनं बघा. परमँगनेट म्हणजे मँगनीजच. पाण्यातली घाण जाळताना त्याचं मँगनीज डायऑक्साईड होतं, आणि त्याचा रंग तपकिरी असतो. परमँगनेटनं हात धुतल्यावर बोटं पिवळी-तपकिरी होतात ती त्यामुळंच. जंतू मारायला टाकलेलं औषध स्वतःच डाग पाडतं, याचा हा जुना नमुना.

दुसरा नमुना मोरचुदाचा. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, आपल्या शेतकऱ्यांना चांगलंच माहीत आहे. चुना मिसळून बोर्डो पेस्ट करतात आणि मोसंबीच्या खोडाला लावतात. १९०४ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या जॉर्ज मूर आणि कार्ल केलरमन या दोघांनी दाखवून दिलं की पाण्यात अगदी थोडं कॉपर सल्फेट टाकलं तरी शेवाळ मरतं. तिथून ते जलाशयांत गेलं आणि पुढे तरणतलावांतही. आजही शेवाळ मारायच्या बऱ्याच औषधांत तांबं असतं.

अडचण अशी की शेवाळ मरतं, तांबं मात्र पाण्यातच राहतं. परत शेवाळ, परत औषध, परत तांबं. मग एक दिवस पायऱ्यांच्या कडा निळसर हिरव्या दिसायला लागतात. परदेशात सोनेरी केसांची पोरं तलावातून हिरवे केस घेऊन घरी जातात, ते या तांब्यामुळं. आपल्या काळ्या केसांत ते दिसत नाही एवढंच.

नारू, दुष्काळ आणि हातपंप

मग आपण बारव सोडून जमिनीत खोल का गेलो? याला दोन मोठी कारणं.

पहिलं कारण नारू. पायऱ्यांच्या विहिरीत माणूस पाण्यात उतरतो. पायाला नारूची जखम असेल तर त्यातून अळ्या पाण्यात जातात, सायक्लॉप्स नावाच्या बारीक जिवाच्या पोटात वाढतात, आणि ते पाणी पिणाऱ्याला वर्षभरानं नारू होतो. महाराष्ट्र हे देशातल्या नारूग्रस्त राज्यांपैकी एक होतं. १९८० च्या दशकात राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. टेमेफॉस टाकून सायक्लॉप्स मारणं, पाणी गाळून पिणं, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणं किंवा काठावरून ओढायच्या विहिरी करणं, हे सगळं झालं. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त असल्याचं जाहीर केलं. बारवांचं कौतुक करताना ही बाजू विसरायची नाही. बारव सुंदर होती, आणि तिच्या पायऱ्यांवरून रोगही उतरत होता.

दुसरं कारण १९७२ चा दुष्काळ. उथळ विहिरी आटल्या. युनिसेफच्या मदतीनं खडक फोडणारी यंत्रं आली आणि बोअर खोदले गेले. त्यावर बसवायला टिकाऊ हातपंप हवा होता. यात आपल्या भागाचा वाटा मोठा आहे. शेजारच्या जालन्यात मिशनच्या लोकांनी एक पंप तयार केला होता, सोलापुरात त्यापुढचा सोलापूर पंप झाला, आणि त्याच्या आधारावर १९७० च्या दशकात इंडिया मार्क टू हा हातपंप तयार झाला. जगातल्या सर्वाधिक वापरल्या गेलेल्या हातपंपांपैकी तो एक.

बोअरनं नारूपासून आणि दुष्काळापासून वाचवलं, पण पाण्याची रसायनं बदलली. पहिली गोष्ट, खोलवरचं पाणी, हवा न लागलेलं. दुसरी गोष्ट, लोखंडी केसिंग आणि जस्त चढवलेले लोखंडी पाइप. रात्रभर पाणी पाइपात उभं राहिलं की सकाळचे पहिले काही हंडे लाल. पश्चिम आफ्रिकेत १९८० च्या दशकात हातपंपांचा अभ्यास झाला तेव्हा असं दिसलं की बऱ्याच ठिकाणी पाण्यातलं लोखंड जमिनीतून कमी आणि गंजणाऱ्या पाइपातून जास्त येत होतं. तिथलं पाणी आम्लधर्मी असल्यानं पाइप लवकर खायचं. आपलं बेसॉल्टमधलं पाणी बहुतेक जड आणि अल्कधर्मी, त्यामुळं पाइप तेवढ्या वेगानं खात नाही. पण तपासायची पद्धत तीच: पंप सुरू केल्याबरोबर एक बाटली भरा, अर्ध्या तासानं दुसरी. पहिलीतच लोखंड जास्त असेल तर दोष पाइपाचा. दोन्हीत सारखं असेल तर दोष जमिनीचा.

आता तलावाचा हिशेब

गेल्या काही वर्षांत शाळा, फार्महाऊस, रिसॉर्ट अशा ठिकाणी तरणतलाव झालेत आणि त्यातले बरेच बोअरवर किंवा टँकरवर भरतात. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल तलाव घेऊ. पाणी झालं सुमारे ४ लाख ६९ हजार लिटर. पाण्यात लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम लोह धरू. सगळ्या तलावात मिळून लोखंड भरतं साधारण २३४ ग्रॅम. पाव किलोपेक्षा कमी! एवढंच लोखंड गंज होऊन तळावर पसरलं की सगळी फरशी तपकिरी दिसते.

आता उन्हाळा. कडक उन्हात रोज एक सेंटिमीटर पाणी वाफ होऊन उडतं असं धरा. म्हणजे दिवसाला ३,१२५ लिटर. वाफेत लोखंड जात नाही, तांबं जात नाही, क्षारही जात नाहीत. नुसतं पाणी जातं. त्याच्या जागी आपण परत बोअरचं पाणी घालतो, नवीन लोखंडासकट. दोन महिन्यांत अशी भर पडते १ लाख ८७ हजार ५०० लिटरची. काहीच बाहेर काढलं नाही तर ०.५ चा आकडा ०.७ वर जातो. बारवेत पाणी येत-जात होतं, इथं नुसतं येतं. प्रोग्रामिंगमध्ये याला मेमरी लीक म्हणतात. रोज थोडं थोडं साठतं आणि एक दिवस सगळं बसतं.

मग तलाव रिकामा केला तर? जल जीवन मिशनचा निकष माणशी दिवसाला ५५ लिटरचा आहे. त्या हिशेबानं हे पाणी २ हजार वस्तीच्या गावाला चार दिवस पुरेल. १२ हजार लिटरच्या टँकरच्या भाषेत बोलायचं तर ३९ टँकर. कशासाठी? पाव किलोहून कमी लोखंडासाठी.

खेकड्याची नांगी

इथं परत लिंबू आणि चिंच येतात. आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ मध्ये मांडलं की धातूच्या अणूभोवती दुसरे रेणू ठरावीक जागा धरून बसतात. १९१३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एखादा रेणू धातूला दोन-तीन बाजूंनी धरतो, तेव्हा त्या प्रकाराला कीलेट असं नाव १९२० मध्ये दिलं गेलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ खेकड्याची नांगी. १९३५ मध्ये जर्मनीत फर्डिनांड म्युन्झ यांनी ईडीटीए तयार केलं, ते तर धातूला सहा जागी धरतं. कापड रंगवताना पाण्यातलं कॅल्शियम त्रास देतं, ते बांधून ठेवायला दुसरं रसायन हवं होतं, त्यातून हा शोध लागला.

तरणतलावासाठी आज सीक्वेस्ट्रंट म्हणून जे मिळतं ते याच जातीचं. बहुतेक वेळा त्यात एचईडीपी नावाचं फॉस्फोनेट असतं. ते लोखंडाला नांगीत धरून ठेवतं, त्यामुळं क्लोरीन टाकला तरी डाग पडत नाही. पण तीन गोष्टी विक्रेता सहसा सांगत नाही. एक, लोखंड पाण्यातच असतं, फक्त बांधलेलं असतं. दोन, क्लोरीन आणि ऊन त्या रेणूला हळूहळू मोडतात, म्हणून डोस परत परत द्यावा लागतो. तीन, मोडल्यावर त्यातून फॉस्फेट सुटतं, आणि ते शेवाळाचं खाद्य आहे. म्हणजे सीक्वेस्ट्रंटनं वेळ मिळतो. त्या वेळात लोखंड बाहेर काढलं तर उपयोग, नाहीतर खर्च चालूच.

मग करायचं काय

भरण्याआधी बादली चाचणी करा. पांढरी बादली बोअरच्या पाण्यानं भरा, त्यात चिमूटभर टीसीएल टाका, रात्रभर ठेवा. सकाळी पाणी पिवळं-तपकिरी झालं किंवा तळाला तपकिरी साका बसला तर लोखंड आहे. काळपट दिसलं तर मँगनीजचा संशय घ्या आणि पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्या. या चाचणीचा खर्च जवळपास शून्य.

लोखंड निघालं तर ते तलावात घेऊच नका. साठवण टाकीत पाणी उंचावरून फवारून सोडा म्हणजे हवा लागेल, थोडं क्लोरीन द्या, तुरटी फिरवा, निवळू द्या आणि वरचं पाणी वाळूच्या फिल्टरमधून तलावात घ्या. थोडक्यात, जे बारवेत आपोआप होत होतं ते टाकीत करून घ्यायचं.

तलाव आधीच लाल झाला असेल तर घाबरून रिकामा करू नका. लोखंड आता कणांत आहे, म्हणजे ते पकडणं उलट सोपं. पीएच ७.२ ते ७.८ मध्ये आणा, तुरटीनं कण एकत्र करा, पंप बंद ठेवून रात्रभर बसू द्या, आणि तळाचा साका व्हॅक्यूमनं फिल्टरमध्ये न नेता सरळ बाहेर काढा. यात काही हजार लिटर जातील, लाखो वाचतील.

फरशीवरचा डाग ओळखायचा असेल तर व्हिटॅमिन सीची गोळी अर्धा-एक मिनिट डागावर दाबून धरा. फिका पडला तर लोखंड. क्लोरीनच्या दाण्यांनी फिका पडला तर तो पाल्यापाचोळ्याचा. लोखंडाचा डाग काढायला व्हिटॅमिन सी वापरायचं असेल तर क्लोरीन आधी खाली आणावा लागतो, नाहीतर दोघं एकमेकांनाच खाऊन टाकतात. आणि तोवर तलाव पोहायला बंद ठेवायचा, कारण क्लोरीन नसलेल्या पाण्यात पोरं उतरवायची नसतात.

आणखी एक. पाणी हिरवं झालं की लगेच मोरचुदाचं औषध ओतू नका. पाणी हिरवं पण पारदर्शक असेल, तळ स्पष्ट दिसत असेल, तर ते बहुतेक वेळा शेवाळ नसून धातू असतो. त्यात तांबं ओतलं तर दुखणं वाढतं.

आता तरणतलाव बाजूला ठेवा, कारण हीच गोष्ट गावच्या पाण्याच्या टाकीत घडते. जलसुरक्षक टाकीत टीसीएल टाकतो. बोअरच्या पाण्यात लोखंड असेल तर सकाळी नळाला पिवळसर पाणी येतं. लोक म्हणतात, औषधानं पाणी नासलं, टाकू नका. तो बिचारा टीसीएल बंद करतो, आणि पावसाळ्यात जुलाबाची साथ येते. याच्या उलटही होऊ शकतं. ओटी टेस्टमध्ये पिवळा रंग आला की क्लोरीन आहे असं आपण समजतो, पण ऑक्सिडाइझ झालेलं लोखंड आणि मँगनीजही त्या टेस्टमध्ये पिवळा रंग देतात. म्हणजे क्लोरीन नसतानाही टेस्ट पास दिसू शकते. तलावातला डाग फरशीवर पडतो, इथं प्रश्न पोटाचा आहे.

म्हणून या भागाच्या शेवटी एकच काम देतो. आपल्या गावच्या बोअरची बादली चाचणी करून बघा. ग्रामपंचायतीला पाण्याच्या जोखमीचं हिरवं, पिवळं की लाल कार्ड मिळालंय तेही विचारा, आणि बोअरच्या पाण्यात लोह-मँगनीज किती आहे याचा तपासणी अहवाल मागा. पाणी पिवळं का आलं हे गावाला समजावून सांगता आलं, तर टीसीएल बंद होणार नाही.

बादलीत काय दिसलं ते नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू.